दीर्घिका घेऊन उसाच्या मुलखात

ज्या हिवाळ्यात मी सातारा-सांगलीकडे गेले, तो आणीबाणीचा हिवाळा होता. परत आल्यावर अमरावतीत सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलं? मी किल्ला सांगितला, कृष्णेचा घाट सांगितला, कंदी पेढे वाटले आणि गप्प बसले. बाकीचं तेव्हा बोलण्यासारखं नव्हतं. आता दिवस पालटले आहेत, म्हणून लिहिते. काही गावांची आणि माणसांची नावं मात्र अजूनही लिहिणार नाही.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तिकडच्या काही हौशी आकाशनिरीक्षकांनी मला व्याख्यानांना बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिला होता, दीर्घिका कशा जन्मतात आणि कशा बदलतात. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचं एक बेट, आणि अशी असंख्य बेटं अंधारात तरंगताहेत, एवढं तरी लोकांना कळावं अशी त्यांची इच्छा होती. सातारा, मग उंब्रजच्या आतलं एक खेडं, मग विटा आणि शेवटी सांगली असा बेत ठरला. सामानात प्रोजेक्टर, स्लाइडांचा डबा, एक लहान दुर्बीण आणि घडी घातलेला मोठा पांढरा पडदा. जीप मंडळींपैकी एकाची होती, तीही पांढरी. आणि मला साड्या पांढऱ्याच आवडतात, बारीक काठाच्या. या तिन्ही पांढऱ्या गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, याची मला तेव्हा काही कल्पना नव्हती.

सातारा

आमच्या वऱ्हाडात सूर्य मावळतो तो कपाशीच्या पार टोकाला, सावकाश, सगळ्यांना दाखवून. साताऱ्यात तो यवतेश्वराच्या डोंगरामागे गेला की गेलाच. गावात दिवेलागण व्हायच्या आधीच रस्ते निळे-काळे होऊन जातात. मी उतरले होते त्या घरच्या बाई शाळेत शिकवायच्या. त्यांनी मला पातळ, मोठी भाकरी वाढली, वर खर्डा आणि दही. आम्ही जवसाची चटणी खातो तशी इथे शेंगदाण्याची, आणि तिखटाच्या बाबतीत मी उगाच आमच्याकडचा तोरा मिरवला. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. बाई हसल्या. मग एकदम हसू आवरून म्हणाल्या, "उद्या खेड्यात जाताय ना? जपून जा. हल्ली अनोळखी गाडी दिसली की लोक बिथरतात."

"का?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि ताटात आणखी भाकरी घातली.

व्याख्यान एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. सुरू व्हायच्या आधी आयोजक माझ्या कानाशी आले. "ताऱ्यांचं काय ते बोला बाई. सरकारचा विषय कुठून निघू देऊ नका." दीर्घिकांच्या व्याख्यानात सरकार कुठून निघणार, हे मला समजेना. पण त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मी टिपणं पुन्हा एकदा चाळून पाहिली.

तरी बोलायला लागले की मी सावरते. मी सांगितलं की सुरुवातीला नुसता वायू होता, त्याचे प्रचंड ढग. आपल्याच वजनाने ते आत आत ओढले जाऊ लागले. ज्या ढगाला गिरकी फारशी नव्हती, तो झरझर गोळा झाला आणि त्याने आपले बहुतेक तारे एका दमात करून टाकले. त्यातून लंबगोल दीर्घिका झाली. तिच्यात वायू उरला नाही, म्हणून नवे तारे नाहीत, आणि जुने तारे लालसर होत निवत चाललेत. ज्या ढगाला गिरकी जास्त होती तो कुंभाराच्या चाकावरच्या मातीसारखा पसरून चपटा झाला. त्याने वायू पुरवून पुरवून वापरला, म्हणून त्याच्या निळसर हातांमध्ये अजूनही तारे जन्मताहेत. त्या चक्राकार दीर्घिका. आपली त्यांतलीच. आणि काही लहान, वेड्यावाकड्या, ज्यांना कसलाच आकार नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा काही जुन्या पुस्तकांत अजून असं छापलेलं असायचं की लंबगोल दीर्घिकाच पुढे उलगडून चक्राकार होते. ते आता कुणी मानत नाही.

मग मी ती स्लाइड दाखवली जिची मला स्वतःलाच भीती वाटते. दोन चक्राकार दीर्घिका एकमेकींजवळून गेलेल्या आणि दोघींच्या अंगातून ताऱ्यांच्या लांबच लांब शेपट्या उपसून निघालेल्या. नव्या गणकयंत्रांवर हिशेब करणाऱ्या काहींचं म्हणणं आहे की अशा दोघी शेवटी एकमेकींत कोसळतात, त्यांची चक्रं मोडतात आणि उरतो तो एक लंबगोल ढिगारा.

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "त्यांना टाळता येत नाही का हो?"

"नाही. एकदा ओढ लागली की नाही."

उंब्रजच्या आत

जीप चालवणारे हणमंतराव फौजेतून निवृत्त झालेले. फौजेतही गाडीच चालवायचे. चीनच्या लढाईत बर्फातून ट्रक काढलेला माणूस, पण उंब्रज सोडून आतल्या रस्त्याला लागलो तसे तेही गप्प होत गेले. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, जीपच्या टपाहून उंच. आमच्याकडे शेतात उभं राहिलं की चारी बाजूंचं गाव दिसतं. इथे रस्ता म्हणजे उसातून काढलेली बोळ. वारा नव्हता तरी आत कुठेतरी पाला सळसळायचा.

"बाई," हणमंतराव म्हणाले, "वाटंत मानूस दिसंना एक बी."

"संध्याकाळ झालीय, घरी गेले असतील."

"न्हाई. गडी मानसं या टायमाला पान्याच्या मोटारीवर असत्यात. कायतरी गडबड हाय."

गावात शिरलो. दारं आमच्या डोळ्यांदेखत लागत होती. कुठेतरी एक बाई ओरडली, "आली रं गाडी! पळा!" आणि पलीकडच्या वाड्यावस्त्यांतून तोच शब्द पुढे पुढे जात राहिला. घरांच्या मागून धावणाऱ्या पावलांचा आवाज आला, मग उसात घुसल्याचा, पाला फाडत जाणारा. मग सगळं शांत झालं. देवळासमोर शेणात एक चप्पल पडली होती. व्याख्यानाला बोलावणारंही कुणी दिसत नव्हतं.

हणमंतरावांनी इंजिन बंद केलं नाही. "आपरेशनची गाडी समजल्यात आपल्याला," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पांढरी जीप, पांढरी साडी. तुमी त्यांना डाक्तरीणबाई वाटताय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या महिन्यांत नसबंदीच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या. कुणाला बाजारातून उचललं, कुणाला एसटीतून उतरवलं, अशा बातम्या कानावर यायच्या. छापून काही येत नसे.

"मागं वळवा," मी म्हटलं.

पण मागे रस्त्यावर आता बायका उभ्या होत्या. कुणाच्या हातात खराटा, कुणाच्या हातात मुसळ, एकीच्या हातात कोयता. त्या ओरडत नव्हत्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्या नुसत्या जवळ येत होत्या. सगळ्यांत पुढे एक म्हातारी होती, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली. तिने दार उघडून माझं मनगट धरलं आणि मला खाली ओढलं.

"लेकीबाळीची हाईस न्हवं तू? काय मिळतं गं तुला आमची घरं बुडवून?"

"मावशी, मी डॉक्टर नाही. मी तारे दाखवायला आलेय."

"तारं?" ती मागे वळून बायकांना म्हणाली. "ऐकलं का गं? आता तारं दाखवून न्ह्याया लागल्यात!"

हणमंतराव उतरले आणि हात जोडून म्हणाले, "आवं, खरं सांगतोय, मी हितलाच, उंब्रजच्या शेजारचा. बाई मास्तरीण हाय. यंत्रावर चित्रं दावती आभाळाची."

"डबा उघड मग," कोयतावाली म्हणाली.

मी स्लाइडांचा डबा उघडला. अंधारून आलं होतं. जीपच्या दिव्यासमोर मी एक स्लाइड धरली आणि म्हातारीला वाकून बघायला सांगितलं. ती वाकली, पण माझं मनगट तिने सोडलं नाही. देवयानी दीर्घिकेचं चित्र होतं ते.

"ह्ये काय? भुईचक्र?"

"तसंच. पण तारकांचं. फार लांब आहे, आकाशात."

तिला पटलं की नाही, मला कळलं नाही. ती काही बोलणार एवढ्यात उसाच्या बाजूने एक किंकाळी आली. एक तरुण बाई धावत आली. केस सुटलेले, पाल्याने हात ओरबाडून रक्त आलेलं.

"आत्ती! ह्ये पाटात पडल्यात! पाय मोडलाय, हाड भाईर आलंय!"

तिचं नाव हौसा. म्हातारी तिची चुलतसासू. हौसाचा नवरा रंगराव आमची जीप बघून पळाला होता आणि पळताना कोरड्या पाटाच्या दगडी कडेवरून खाली गेला होता. बायकांनी त्याला घोंगडीवर उचलून आणलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. जीप दिसताच तो घोंगडीतून उठायची धडपड करू लागला.

"न्हाई! त्या गाडीत न्हाई! मेलो तरी चालंल!"

दुसरं वाहन गावात नव्हतं. बैलगाडीने कराड गाठायला पहाट झाली असती, आणि पायातून रक्त थांबत नव्हतं. हे सगळ्यांना कळत होतं, तरी कुणी पुढे होईना. हौसा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते.

"बाई, पायाबिगर त्यास्नी कुनी हात लावनार न्हाई, अशी शपथ घ्या."

मला काय अधिकार होता? मी परगावची, एकटी, दवाखान्यात कुणी ओळखीचं नाही. उद्या मलाच कुणी विचारलं, तू कोण, तर सांगायला काही नव्हतं.

"घेते," मी म्हटलं.

पांढरा पडदा आम्ही त्याच्या पायाभोवती गुंडाळला. म्हातारीने माझं मनगट तेव्हा सोडलं. नंतर पाहिलं तर तिच्या बोटांचे वळ उमटलेले होते.

कराड

दवाखान्यातली रात्र लाकडी बाकावर गेली. सकाळी हणमंतराव कुठूनतरी आख्खा मसूर आणि पाव घेऊन आले. कराडचा आख्खा मसूर फार नावाजलेला आहे आणि तो खरोखर चांगला होता, हे त्याही अवस्थेत जाणवलं. हौसाने घास तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला.

"तुम्ही खा," मी तिला म्हटलं.

"वास येतोय त्या स्पिरिटाचा," ती म्हणाली. "त्याच वासाचं भ्या बसलंय आमास्नी."

रंगरावचं हाड बसवून पाय प्लास्टरमध्ये घातला होता. तो गुंगीत होता. नवाच्या सुमाराला एक कर्मचारी आला, हातात कागद आणि शाईचं पॅड.

"किती पोरं याला?" त्याने हौसाला विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"पाय मोडलाय त्यांचा," मी म्हटलं.

"ते झालं. आता गुंगीत आहेच, तर दुसरंही उरकून टाकू. अंगठा लागतो नुसता." त्याने रंगरावचा हात उचलला.

मी उठले. खरं सांगते, तेव्हा मला कसलाही धीर वाटत नव्हता. मी त्याच्या आणि खाटेच्या मध्ये गेले आणि रंगरावचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला. एवढंच करू शकले.

"नाही," मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"मी त्यांच्याबरोबर आलेय."

"नाव काय? कुठं नोकरी?"

मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. सांगताना वाटलं की हे आपण आपल्याच हाताने कुणाच्या तरी ताब्यात देतोय. तो माणूस निघून गेला. जाताना त्याने खिडकीतून आमच्या जीपकडे पाहिलं आणि तिचा नंबर मनात घोकल्यासारखे ओठ हलवले.

थोड्या वेळाने डॉक्टर आले. अगदी तरुण, मिसरूड फुटल्यासारखे दिसणारे. त्यांनी रंगरावची नाडी पाहिली, प्लास्टरवर टकटक केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुपारी वरचे साहेब येणार आहेत. आकडा कमी पडला म्हणून माझा पगार अडलाय. साहेब आल्यावर माझं कुणी ऐकणार नाही." मग आणखी हळू म्हणाले, "मी आत्ता दहा मिनिटं दुसऱ्या वॉर्डात आहे. मागचं दार उघडं असतं."

हणमंतरावांनी रंगरावला पाठुंगळी घेतलं. मी आणि हौसाने पाय सावरला. मागच्या दारातून जीपपर्यंतचा रस्ता कितीतरी लांब वाटला. कुणी आडवं आलं नाही. पण मला सारखं वाटत होतं की आता हाक येईल, आणि ती हाक पुढे दिवसभर माझ्या मानेशी राहिली.

"कुटं न्यायचं?" हणमंतरावांनी विचारलं. गावात परत नेण्यात अर्थ नव्हता. खरी गाडी तिथे केव्हाही आली असती.

"विट्याला," हौसा म्हणाली. "नणंद दिलीया तिकडं. तिच्या घरची गडी मानसं समदी सोन्याच्या कामाला परमुलखात असत्यात. तिथं आपरेशनवाल्यांस्नी कुनी घावतच न्हाई, म्हनून येत न्हाईत."

विट्याकडे

मोठा रस्ता टाळून आडवाटांनी, थांबत थांबत, कराडहून पूर्वेला निघालो तसा ऊस मागे पडत गेला. माळ सुरू झाला, खडकाळ, उघडा, बाभळी आणि ज्वारीची शेतं. माझ्या डोळ्यांना बरं वाटलं, आमच्याकडचं वाटावं असं मोकळं. पण हणमंतरावांना उलट वाटत होतं. "उसात लपता तरी येतंय," ते म्हणाले. "हितं मैलावरनं दिसतोय आपन."

दिवस मावळला आणि माळावरच इंजिन तापून बंद पडलं. पाणी ओतून ते निवेपर्यंत थांबणं भाग होतं. हणमंतरावांनी दिवे मालवले. मागून कुठली तरी गाडी येत होती, तिचे दोन दिवे दूर चढावर दिसत होते. रंगराव जीपमध्ये आडवा होता. गुंगी उतरली होती आणि तो कण्हत होता. त्याने हौसाचा पदर मुठीत धरला होता.

"त्येच आल्यात," तो म्हणाला.

दिवे वळणावर नाहीसे व्हायचे, परत दिसायचे. थंडी अंगात शिरत होती. मला काहीतरी बोलत राहायला हवं होतं, त्याच्यासाठी आणि माझ्यासाठीही. आणि मला बोलता येतं ते एकच.

"वर बघा," मी म्हटलं. "डोक्यावर चार तारे आहेत, मोठ्ठा चौकोन. त्याच्या एका कोपऱ्यापासून दोन तारे पुढं या. मग तिथून बाजूला दोन लहान तारे. त्यांच्याजवळ धुरकट डाग दिसतो?"

"दिसतोय," हौसा म्हणाली. "फुंकर घातल्यावानी."

"ती देवयानी. काल आत्तींनी बघितलं ते भुईचक्र. तिच्यातून निघालेला उजेड इथे यायला वीस-बावीस लाख वर्षं लागतात. आपली आकाशगंगाही तशीच चक्राची आहे, आणि या दोघी एकमेकींच्या दिशेने येताहेत."

बोलून गेले आणि जीभ चावली. घाबरलेल्या माणसांना सांगायची ती गोष्ट नव्हती.

"आदळत्याल?" रंगरावने विचारलं.

"कदाचित. आडव्या किती सरकताहेत ते कुणाला माहीत नाही, त्यामुळे चुकामूकही होईल."

"आन आदळल्या तर?"

"तारे ताऱ्यांवर आपटणार नाहीत. त्यांच्यात अंतर फार. ते एकमेकांमधून निघून जातील. वायूचे ढग मात्र एकमेकांवर चेपले जातील, आणि मग एकदम खूप नवे तारे पेटतील. पण चक्रं राहणार नाहीत. दोघींचा आकार मोडेल आणि एक गोलसर ढीग होईल."

"कवा हुनार ह्ये?" हौसाने विचारलं.

"अब्जावधी वर्षांनी."

"मग तवर ह्येंचा पाय बरा हुतोय की," ती म्हणाली.

रंगराव हसला. कण्हत कण्हत, पण हसला. आणि त्याच वेळी ती गाडी शेवटच्या वळणावरून आमच्या अंगावर आली. उजेडाने सगळे पांढरे झालो. हौसाने नवऱ्याच्या तोंडावर पदर टाकला. गाडी मंदावली. तो ट्रक होता, कांद्याच्या पोत्यांचा. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"काय झालं रं गड्या? पानी पायजे का?"

"व्हय," हणमंतराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला.

विट्यातल्या नणंदेने काही विचारलं नाही. तिने चूल पेटवली, बाजरीची भाकरी आणि वांग्याचं कालवण केलं. हौसा तेव्हा जेवली. रंगराव तिथे पुढचे काही महिने राहिला. वसंतात निवडणुका झाल्या, सरकार गेलं आणि गाड्या थांबल्या. हणमंतरावांकडून नंतर कळलं की तो गावी परतला आहे, थोडा लंगडतो, पण ऊसतोडीला जातो. विट्यातलं व्याख्यान अर्थात झालं नाही.

सांगली, विश्रामबाग

सांगलीत मी पोचले तेव्हा वाटलं होतं की संपलं. आयोजकांनी भडंग आणि चहा ठेवला होता. विश्रामबागेतला हॉल भरला होता, विद्यार्थी, प्राध्यापक, संसारी बायका. मी पडदा लावू लागले तेव्हा पाहिलं की त्यावर रंगरावच्या रक्ताचा तपकिरी डाग राहिला आहे. धुवायला वेळच झाला नव्हता. मी ती बाजू भिंतीकडे केली.

व्याख्यान सुरू व्हायच्या जरा आधी सफारी घातलेला एक माणूस आला आणि पहिल्या रांगेत बसला. लोकांनी त्याला जागा करून दिली आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या. हणमंतराव दाराशी आले, माझ्याकडे पाहिलं आणि हा माणूस आपल्यासाठीच आलाय, हे फक्त डोळ्यांनी सांगितलं.

मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. एक स्लाइड उलटी घातली, पण दीर्घिकेला वर-खाली नसतंच, कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवे लागले. तो माणूस लगेच उभा राहिला.

"परवा कराडच्या दवाखान्यात तुम्ही होता?"

"होते."

"पेशंट कुठं आहे?"

"नातेवाइकांकडे."

"गाव?"

मी टेबलाची कड धरली. "ते मी सांगणार नाही," मी म्हटलं. शब्द इतके बारीक निघाले की मागच्यांना ऐकू गेले नसतील असं वाटलं.

तो पुढे बोलणार तोच मधल्या रांगेतून एक विद्यार्थी उठला. "बाई, माझा प्रश्न आहे. चक्राकार दीर्घिका इतकी वर्षं फिरतेय, तर तिचे हात गुंडाळून जात कसे नाहीत?"

सफारीवाल्याने मागे वळून पाहिलं. विद्यार्थी घामाने भिजला होता, पण बसला नाही.

"चांगला प्रश्न आहे," मी म्हटलं. "साखर कारखान्याच्या फाटकाशी उसाच्या गाड्यांची दाटी होते ना? पुढच्या गाड्या आत जातात, मागून नव्या येतात. दाटी तिथेच, गाड्या मात्र रोज वेगळ्या. दीर्घिकेचा हात ही तशी दाटी आहे. तारे त्यातून येतात आणि जातात. दाटीत वायू चेपला जातो, म्हणून नवे तारे तिथे जन्मतात."

"मला माझं उत्तर मिळालेलं नाही," सफारीवाला म्हणाला.

"दीर्घिका एकट्या असतात की घोळक्याने?" खिडकीजवळच्या एका बाईंनी विचारलं. मांडीवर भाजीची पिशवी होती.

"बहुतेक घोळक्याने. आणि जिथे घोळका दाट, तिथे लंबगोल जास्त सापडतात."

"का बरं?" हे तिसरंच कुणीतरी.

मी सांगू लागले. मग चौथा हात वर आला, मग पाचवा. एकाने विचारलं की वायू संपलेल्या दीर्घिकेला बाहेरून पुन्हा मिळतो का. एकीने विचारलं, वेड्यावाकड्या दीर्घिकांचं पुढे काय होतं. सफारीवाला दोनदा उठला, आणि दोन्ही वेळा कुणीतरी त्याच्या आधी उठलेलं असायचं. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. आयोजक आभार मानायला उभे राहिले तर मागून आवाज आला, "थांबा हो, प्रश्न आहेत अजून." ते बसले. अखेर त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि बाहेर गेला.

तो गेला तरी हात खाली आले नाहीत. बाहेर त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज अजून आला नव्हता. सगळे कान तिकडेच लावून बसलेले होते. मीही.

मग पहिल्या रांगेच्या टोकाचे, कानटोपी घातलेले एक आजोबा काठीवर भार देऊन उठले. व्याख्यान त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांना मान डोलावताना पाहिलं होतं. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, दारावर होती.

"बाई," ते म्हणाले, "माझं वय झालंय, मला नीट ऐकू आलं नाही. दीर्घिका मुळात होते कशी, ते जरा पहिल्यापासून सांगता का?"

मी टेबलाची कड सोडली. हॉलमधलं एकही माणूस हललं नाही.

"सांगते," मी म्हटलं. "सुरुवातीला नुसता वायू होता."